आपल्याच मुलखात राहिलेल्या गिटारवादकाचा रोजगार

मार्च १९८९ च्या अंकात ‘गिटार प्लेअर’ या अमेरिकी मासिकाने डॅनी गॅटन यांना मुखपृष्ठावर घेतले आणि ‘जगातला सर्वांत थोर अज्ञात गिटारवादक’ अशी त्यांची ओळख करून दिली. त्याआधी, १९७१ मध्ये, अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने रॉय ब्युकॅनन यांच्यावर माहितीपट दाखवला होता आणि तेव्हा ब्युकॅनन यांनाही जवळपास हेच बिरुद चिकटले होते. दोघेही वॉशिंग्टन शहर आणि त्याला खेटून असलेल्या मेरीलँड व व्हर्जिनियाच्या पट्ट्यात वाढलेल्या किंवा स्थिरावलेल्या पिढीतले होते, दोघांच्याही हाती १९५३ सालची फेंडर टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार होती आणि दोघांनीही ब्लूजच्या पायावर रॉकाबिली (कंट्रीची छटा असलेला सुरुवातीचा रॉक), कंट्री आणि जॅझ यांचे इमले चढवले होते. एकाच परिसरातल्या दोन वादकांना अठरा वर्षांच्या अंतराने तेच विशेषण मिळावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. तरीही त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण एकाच प्रश्नाभोवती घुटमळत राहतात: एवढा गुणी माणूस प्रसिद्ध का झाला नाही? उत्तरेही ठरलेली असतात. कुणी दौऱ्यांचा कंटाळा सांगतो, कुणी तऱ्हेवाईक स्वभाव, तर कुणी रेकॉर्ड कंपन्यांचा कोतेपणा. प्रसिद्धी कोणत्याही काळात मूठभरांच्याच वाट्याला येते, त्यामुळे या प्रश्नातून समाजाला शिकण्यासारखे फारसे काही निघत नाही. विचारायला हवे ते हे, की आपल्याच मुलखात राहून रोज रात्री वाजवणारा वादक पोट कशावर भरतो, त्याच्या कमाईवर कोणत्या कायद्यांचा परिणाम होतो आणि ते कायदे करताना त्याची आठवण कुणाला होते का.

गॅटन यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४५ चा, वॉशिंग्टनचा. वडीलही तरुणपणी गिटार वाजवत आणि पुढे त्यांनी पत्र्याच्या कामाचा धंदा पत्करला. मुलानेही मधल्या काळात तेच काम केले. जुन्या मोटारगाड्या सोडवून पुन्हा उभ्या करण्याचा नाद तर त्यांना अखेरपर्यंत होता. किशोरवयातला ‘ऑफबीट्स’, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गायिका लिझ मायर यांचा बँड, मग ‘डॅनी अँड द फॅट बॉइज’, १९७८ च्या सुमाराला पेडल स्टील ही आडवी, पायपट्ट्यांची गिटार वाजवणाऱ्या बडी एमन्स यांच्याबरोबरचा ‘रेडनेक जॅझ एक्सप्लोजन’, नंतर रॉकाबिली गायक रॉबर्ट गॉर्डन यांची साथ, अशी ही यादी आहे. ती वाचून एखाद्याला वाटेल की हा माणूस कुठेच टिकत नव्हता. प्रत्यक्षात प्रादेशिक वादकाच्या धंद्याची हीच रीत असते. ड्रमवाल्याला दिवसाची नोकरी लागते, गायिका दुसऱ्या शहरात जाते, बारचा मालक बदलतो, आणि त्याच सात-आठ माणसांतून नव्या नावाचा बँड उभा राहतो. बँड मोडला तरी वाजवणारे आणि ऐकणारे तिथेच असतात. गॅटन यांची कारकीर्द मोजायची तर बँडच्या नावांपेक्षा त्यांनी किती रात्री वाजवले हे पाहणे जास्त योग्य ठरेल.

त्या रात्रींनी त्यांचे वादन घडवले, हे ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. उजव्या हातात नखीसारखी चपटी पट्टी, तिच्या जोडीला मधले बोट आणि अनामिका, आणि त्या तिघांतून बँजोसारखी अखंड फिरणारी सुरावट ही त्यांची पद्धत. पण त्यांचा गाजलेला प्रकार बिअरच्या बाटलीचा होता. तारांवर घसरवायला ब्लूजवादक काचेची किंवा धातूची नळी बोटात घालतात. गॅटन अर्धवट भरलेली बाटलीच वरून तारांवर टेकवून फिरवत, फेस फसफसून गिटारच्या मानेवर सांडे, मग ते फडका घेऊन मान पुसू लागत आणि पुसता पुसता फडक्याखालूनच पुढची सुरावट बिनचूक वाजवत. हा चमत्कार रेकॉर्डिंगच्या खोलीत सुचणारा नाही. समोर गप्पा मारणारे, थोडेफार झिंगलेले आणि वादकाकडे पाठ फिरवून बसलेले लोक असताना त्यांचे लक्ष कसे खेचून घ्यायचे, या गरजेतून तो आला. या विद्येची शाळा म्हणजे बार, आणि शाळा चालायची तर तिला पैसा लागतो.

तो पैसा वॉशिंग्टनच्या परिसरात कुठून येत होता, हे पाहिले म्हणजे विषय संगीताच्या बाहेर जातो. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर संघराज्याच्या नोकऱ्यांसाठी दक्षिणेकडच्या राज्यांतून गोरे आणि काळे असे दोन्ही समाज मोठ्या संख्येने राजधानीकडे आले. येताना त्यांनी आपले संगीतही आणले आणि ते ऐकण्यासाठी शनिवारी खर्च करता येईल असा पगारही त्यांना मिळू लागला. दुसरा झरा मेरीलँडच्या दक्षिण भागातला होता. तिथल्या चार्ल्स काउंटीमध्ये १९४९ साली नाणी टाकून खेळायच्या जुगारयंत्रांना कायद्याने परवानगी मिळाली आणि महामार्ग ३०१ वरचे वॉल्डॉर्फ हे लहानसे गाव रातोरात दिव्यांनी झगमगू लागले. गिऱ्हाईक यंत्रापाशी जास्त वेळ रेंगाळावे म्हणून मालक बँड ठेवत. म्हणजे वादकाची बिदागी जुगाराच्या नफ्यातून निघत असे. १९६८ मध्ये ही यंत्रे बंद झाली. जुगार बंद झाला याचे मला दुःख नाही. मजुरीचे पैसे त्या यंत्रांत रिकामे करून घरी जाणाऱ्यांचे हाल लक्षात घेता तो निर्णय समजण्यासारखा होता. पण त्या यंत्रांबरोबर एका प्रदेशातल्या शेकडो संध्याकाळचे वादकांचे कामही जाणार होते, आणि त्याचा हिशेब कुठल्याच चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हता. गॅटन यांनी पुढे शेतघर घेतले ते न्यूबर्गही याच महामार्गावरचे.

दुसरा फटका मद्यपानाच्या वयाने दिला. १९८४ च्या संघीय कायद्याने एकवीस वर्षांची अट न घालणाऱ्या राज्यांच्या महामार्ग-निधीला कात्री लावण्याची तरतूद केली. वॉशिंग्टनमध्ये अठराव्या वर्षी बिअर आणि वाइन मिळत असे, ते १९८६ मध्ये थांबले. रस्त्यांवरचे तरुणांचे मृत्यू कमी करण्याचा हा उपाय होता आणि त्या अंगाने तो योग्यच होता. मात्र अठरा ते वीस वयाचा श्रोता हा मंगळवारच्या रात्रीसुद्धा बँड ऐकायला येणारा श्रोता असतो. त्याला केवळ संगीतासाठी आत येऊ देणारी, दारूविक्रीवर न विसंबणारी जागा उभी करण्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी होती. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातला ‘सेलर डोअर’ हा संगीताचा क्लब तर त्याआधीच, १९८२ मध्ये, बंद पडला होता. गॅटन यांच्या ‘रेडनेक जॅझ एक्सप्लोजन’चे १९७८ च्या सरत्या रात्रीचे ध्वनिमुद्रण याच जागेतले.

इथे मुंबईची आठवण मराठी वाचकाला होणे साहजिक आहे, कारण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या आणि क्लबांतल्या नृत्यबँडांचे दिवस फिरले, आणि त्या बँडांत बहुसंख्य असलेल्या गोव्याच्या वादकांना नवे काम शोधावे लागले. इंग्रज आणि संस्थानिक गेल्याचाही त्यात वाटा होता. पण मुंबईत दुसरा धनी तयार होता. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम करू शकले, सबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांना चित्रपटांच्या स्टुडिओंनी सामावून घेतले. श्रेय देण्यात हात आखडता घेतला, तरी दिवसाचे काम मिळत राहिले. वॉशिंग्टनमध्ये सरकार हाच एकमेव मोठा उद्योग. तिथे ना हॉलिवुड, ना नॅशव्हिलसारखी ध्वनिमुद्रणाची पेठ. त्यामुळे बारमधली जागा गेली की वादकापुढे दोनच वाटा उरत: गाव सोडणे किंवा दिवसाची नोकरी धरणे. याच क्लबांतून वर आलेल्या गायिका एमिलू हॅरिस यांनी पहिली वाट धरली आणि त्यांचे नाव झाले.

ज्यांनी गाव सोडले नाही त्यांनी स्वतःची बाजारपेठ स्वतः उभारण्याचा प्रयत्न केला, आणि त्यातल्या हकिकती मोठ्या मजेदार आहेत. ब्युकॅनन मेरीलँडमधल्या ब्लेडेन्सबर्गच्या ‘क्रॉसरोड्स’ या बारमध्ये वाजवत असत. १९७१ मध्ये त्यांच्या ‘स्नेकस्ट्रेचर्स’ या बँडची पहिली तबकडी छापील वेष्टणाऐवजी गोणपाटाच्या पिशवीत घालून विकली गेली. गॅटन यांच्या बाबतीत सगळा कारभार त्यांच्या आईने सांभाळला. नॉर्मा गॅटन यांनी ‘एनआरजी’ नावाची छोटी कंपनी काढली, मुलाच्या तबकड्या काढल्या आणि टपालाने विकल्या. १९७८ ची ‘रेडनेक जॅझ’ आणि १९८७ ची ‘अनफिनिश्ड बिझनेस’ या दोन्ही याच कंपनीच्या. मासिकाच्या मुखपृष्ठापर्यंत हा माणूस पोहोचला तो एका आईच्या टपालखर्चावर, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मुखपृष्ठानंतर एलेक्ट्रा या बड्या कंपनीने करार केला. १९९१ च्या पहिल्या अल्बमला गॅटन यांनी आपल्या बालपणीच्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला: ‘८८ एल्मायरा स्ट्रीट’. त्यातल्या एका रचनेला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. पुरस्कार एरिक जॉन्सन यांना गेला. १९९३ मध्ये दुसरा अल्बम आला आणि त्यानंतर कंपनीने संबंध संपवला. कंपनीला यात खलनायक ठरवण्याचा मोह मला आवरावासा वाटतो. दुकानात ब्लूज, कंट्री, जॅझ, रॉक असे वेगवेगळे कप्पे असतात आणि एकाच गाण्यात चारही कप्पे ओलांडणाऱ्या, शिवाय न गाणाऱ्या वादकाची तबकडी नेमकी कुठे ठेवायची, हा दुकानदाराचा प्रश्न खोटा नव्हता. खासगी कंपनी नफ्यासाठीच असते. तिच्याकडून संस्कृतिरक्षणाची अपेक्षा ठेवायची आणि ती पुरी झाली नाही की हळहळायचे, ही आपली जुनी सवय आहे; त्या हळहळीत सार्वजनिक व्यवस्थेची जबाबदारी मात्र आपोआप विसरली जाते.

ती जबाबदारी सर्वांत स्पष्ट दिसते ती स्वामित्वाच्या कायद्यात. अमेरिकेत एएम किंवा एफएम रेडिओवर एखादे ध्वनिमुद्रण लागले की रचनाकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात; ज्याने ते गायले किंवा वाजवले त्याला काहीही मिळत नाही. ब्युकॅनन यांचे ‘स्वीट ड्रीम्स’ हे वादन त्यांची ओळखच बनले, पण चाल डॉन गिब्सन यांची. रेडिओवर ते जितक्यांदा लागले असेल तितक्यांदा कायद्याने हक्क गिब्सन यांच्या बाजूला नोंदवला गेला, आणि ज्या बोटांसाठी लोक ते ऐकत होते त्यांच्या नावावर शून्य. डिजिटल प्रसारणापुरती ही उणीव १९९५ च्या कायद्याने भरून काढायला सुरुवात झाली. साध्या रेडिओला आजही सूट आहे. ती काढून टाकणारी विधेयके अमेरिकी काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा येतात आणि अडकतात. रेडिओ केंद्रांचा युक्तिवाद असा, की आम्ही तुमची फुकट जाहिरात करतो, पैसे कसले मागता? ज्याच्या तबकड्या देशभरच्या दुकानांत आहेत त्याच्या बाबतीत या बोलण्यात थोडे तथ्य असेल. ज्याची आई तबकड्या टपालाने पाठवते, त्याच्यासाठी ही जाहिरात नसलेल्या मालाची जाहिरात आहे. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने, व्यावसायिक वापर झाल्यास सादरकर्त्याला मानधनाचा हक्क दिला आहे. अंमलबजावणी रखडती असली तरी या एका बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या पुढे आहे, हे नोंदवायला हरकत नाही.

याच परिसरातले बॉबी पार्कर यांचे उदाहरण अधिक बोचरे आहे. १९६१ मध्ये त्यांचे ‘वॉच युवर स्टेप’ आले. १९६४ मध्ये बीटल्सच्या ‘आय फील फाइन’च्या सुरुवातीला गिटारवर जी सुरावट ऐकू येते ती या गाण्यावरून सुचल्याचे जॉन लेनन यांनी मान्य केले होते. सुरावटीच्या छोट्याशा आकृतीवर कायदा सहसा हक्क मानत नाही, आणि एका मर्यादेपर्यंत ते बरोबरही आहे, नाहीतर ब्लूजमध्ये कुणालाच काही वाजवता येणार नाही. पण जगभर पोहोचलेली ती आकृती ज्यांच्या हातून निघाली ते पार्कर २०१३ मध्ये निधन होईपर्यंत वॉशिंग्टनच्या आसपासच्या क्लबांत वाजवत राहिले. गोऱ्या गिटारवादकांना निदान ‘अज्ञात’ म्हणून तरी मुखपृष्ठ मिळाले. पार्कर यांच्यासारख्या काळ्या वादकांच्या वाट्याला ते अज्ञातपणही इतक्या थाटात आले नाही.

त्यांच्या समाजाने मात्र एक वेगळी, शांत आणि टिकाऊ सोय केली होती. आर्ची एडवर्ड्स यांनी १९५९ मध्ये ईशान्य वॉशिंग्टनमध्ये केशकर्तनालय काढले. शनिवारी दुपारी तिथे गिटार आणि हार्मोनिका निघत आणि पीडमॉन्ट पद्धतीचा, अंगठ्याने खर्जाची लय धरणारा ब्लूज शिकवला आणि वाजवला जाई. याच पद्धतीचे ब्लूजवादक जॉन सेफस सुतार होते आणि शहरातल्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या आर्मरीत, म्हणजे शस्त्रागारात, नोकरी करत. फिल विगिन्स यांच्या हार्मोनिकाच्या साथीने ते सरकारच्या वतीने परदेश दौऱ्यांवर गेले आणि १९८९ मध्ये, म्हणजे गॅटन मुखपृष्ठावर आले त्याच वर्षी, त्यांना लोककलावंतांसाठीची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. पगारी नोकरी, तिच्यामागून येणारी निश्चिंती आणि अधूनमधून राज्यसंस्थेचा हात, एवढ्या भांडवलावर एक ब्लूजवादक आपल्या मुलखातच राहून जगभर वाजवू शकतो, याचा हा पुरावा आहे. अर्थात नोकरी धरून वाजवता येणारे संगीत आणि आठवड्यातून पाच रात्री बारमध्ये उभे राहिल्याशिवाय न येणारे संगीत यांत फरक आहे, हेही कबूल करायला हवे.

आता आक्षेपाकडे वळू. गॅटन यांना दौरे नको होते, घर आणि मोटारी प्रिय होत्या. मग त्यांच्या निवडीची किंमत करदात्यांनी का मोजावी? प्रौढ माणसाने डोळे उघडे ठेवून केलेली निवड म्हणून सोडून द्यावी, असे म्हणणारे निर्दय नाहीत. पण हाच न्याय आपण इतर कामांना लावत नाही. गावच्या शाळेतला उत्तम गणिताचा शिक्षक मोठ्या शहराच्या विद्यापीठात गेला नाही म्हणून त्याचे आजारपण त्याने एकट्याने निस्तरावे, असे कुणी म्हणत नाही. शिक्षकाला ते संरक्षण त्याच्या नोकरीतून मिळते. वादकाला नोकरी नसते, रात्रीचा रोजगार असतो. अमेरिकेत आरोग्यविमा मालकाच्या माध्यमातून मिळण्याची प्रथा असल्याने ज्याला एक मालक नाही तो उघड्यावर पडतो.

या मुद्द्यापाशी गॅटन यांच्या मृत्यूचा उल्लेख टाळता येत नाही, आणि तो जपून करायला हवा. ४ ऑक्टोबर १९९४ रोजी न्यूबर्गच्या घरी त्यांनी आत्महत्या केली. ब्युकॅनन यांचा मृत्यू १४ ऑगस्ट १९८८ रोजी व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सच्या कोठडीत झाला होता. अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा होता आणि तो त्यांच्या जवळच्या काहींना पटला नाही. या दोन घटना जोडून ‘उपेक्षेने घेतलेले बळी’ अशी कथा रचणे सोपे आहे आणि ती अनेकदा रचली गेली आहे. तिला आधार नाही. मनाच्या आजाराला एकच बाह्य कारण चिकटवणे हे त्या माणसावरही अन्याय करणारे आहे आणि आजारावरही. पुढचे जे घडले ते मात्र निःसंदिग्ध आहे: जानेवारी १९९५ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या ‘बर्चमिअर’मध्ये गॅटन यांची पत्नी आणि मुलगी यांच्यासाठी मदतनिधीचे कार्यक्रम झाले. वादक मित्र आले, वाजवले, पैसे उभे केले. त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. पण ज्या पेशात मागे राहिलेल्यांची तरतूद मित्रांच्या मैफलीवर अवलंबून असते, त्या पेशाला व्यवस्था म्हणता येत नाही. आणि ज्याच्यासाठी अशी मैफल करायला कुणी नामवंत मित्र नसतो, त्याच्या घरच्यांचे काय होते हे आपल्यापर्यंत पोहोचतही नाही.

वेगळे करता येते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २००५ पासून एक संस्था कमी उत्पन्नाच्या स्थानिक संगीतकारांना परवडणारे वैद्यकीय उपचार मिळवून देते. जागांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये नगररचनेच्या नियमांत एक साधे तत्त्व आणले: संगीताच्या जुन्या जागेशेजारी नवी इमारत बांधणाऱ्याने आवाज रोखण्याचा खर्च स्वतः करावा. आधीपासून वाजणाऱ्या बँडला नंतर राहायला आलेल्याच्या तक्रारीने हुसकावता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडनेही २०१८ मध्ये हे तत्त्व आपल्या नियोजन-धोरणात घेतले. या दोन्ही उपायांत कुणा एका कलावंताला थोर ठरवावे लागत नाही, हा त्यांचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कारण सरकारी मदतीवरचा खरा आक्षेप पैशाचा नसून निवडीचा आहे: कोण योग्य, हे ठरवणार कोण? समिती नेमली की ओळखीपाळखी आल्या, आणि समितीला गॅटन यांच्यासारखा कुठल्याच कप्प्यात न बसणारा वादक सर्वांत शेवटी दिसणार. म्हणून निकष गुणवत्तेचा न ठेवता कामाचा ठेवावा. वर्षात ठरावीक रात्री, ठरावीक परिसरात, बिदागी घेऊन वाजवल्याची नोंद ज्याच्यापाशी आहे तो आरोग्याच्या आणि निवृत्तीच्या योजनेत आपोआप यावा. जागेच्या मालकाने परवान्याच्या नूतनीकरणाबरोबर या रात्रींची नोंद द्यावी आणि त्या बदल्यात परवाना-शुल्कात सूट घ्यावी. रेडिओने वाजवणाऱ्यालाही मानधन द्यावे. खोट्या नोंदी होतील, हे गृहीतच धरावे. त्या तर मद्यविक्रीच्या आणि कराच्या नोंदींतही होतात, म्हणून कुणी परवाने देणे थांबवलेले नाही. अशा योजनेतून सुमार वादकांचेही भले होईल, अशी तक्रार येईल. होऊ द्यावे. ‘फॅट बॉइज’मध्ये आणि ‘स्नेकस्ट्रेचर्स’मध्ये बास आणि ड्रम वाजवणारी माणसे शेजारी रोज उभी होती म्हणूनच त्या दोघांची गिटार लोकांना ऐकू आली.